मधमाशीविना मध: घरच्या घरी वनस्पतिजन्य मधपाक

मधाला पर्याय हवा म्हणून बहुतेक जण आधी एखादं तयार सिरप आणतात आणि मग नाराज होतात. मेपल सिरप पातळ लागतं, कारण त्यात साधारण एक तृतीयांश पाणीच असतं. खजुराचं सिरप दाट असतं, पण काळपट, आणि कशातही घातलं तरी चव खजुराचीच येते. अगावेचं सिरप दिसायला बरं आणि गोडही भरपूर, पण ते चमच्यावरून मधासारखं रेंगाळत खाली येत नाही. ही सिरपं आपापल्या जागी चांगलीच आहेत. मधाची जागा घ्यायला मात्र ती कमी पडतात.

घरी करायला बसलं की दुसरी अडचण येते. साखर, पाणी आणि लिंबू उकळून केलेला पाक पहिल्या दिवशी छान दिसतो. आठवड्याभरात बाटलीच्या तळाशी खडे धरतात, किंवा आतला सगळा ऐवज दगड होऊन बसतो. मग ‘लिंबू कमी पडलं असेल’ म्हणून पुढच्या वेळी दुप्पट लिंबू पिळलं जातं, आणि पाक आंबट होतो. बहुतेक वेळा लिंबू पुरेसं असतं, लिंबाला काम करायला वेळ दिलेला नसतो. हे काम कोणतं, ते एकदा समजलं की पुढची कृती कुठूनही वाचा, फसणार नाही.

मधात आत काय असतं

मधात साधारण 17-18 टक्के पाणी असतं. उरलेल्यात, एकूण वजनाच्या हिशोबाने, सुमारे 38 टक्के फ्रुक्टोज आणि 31 टक्के ग्लुकोज. बाकी थोड्या इतर साखरा, थोडी आम्लं, खनिजं आणि फुलांचा वास देणारी द्रव्यं, जी वजनात नगण्य पण चवीत महत्त्वाची.

आता आपली रोजची साखर पाहा. 20 अंश सेल्सिअसला 100 ग्रॅम पाण्यात जेमतेम 200 ग्रॅम साखर विरघळलेली राहते, म्हणजे पाकात साखरेचं प्रमाण सुमारे 67 टक्के. मधाइतका दाटपणा हवा तर ते 80 टक्क्यांच्या आसपास न्यावं लागतं. गरम असताना तेवढी साखर मावते. गार झाल्यावर जास्तीची साखर बाहेर पडायला बघते आणि पाक साखरतो.

मध तितक्या लवकर साखरत नाही, कारण त्यात रोजची साखर जवळपास नसतेच. फुलांच्या रसातली साखर मधमाशी स्वतःच्या विकराने (एन्झाइमने) तोडते आणि तिचे दोन भाग करते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. फ्रुक्टोज पाण्यात फार सहज विरघळतं, आणि दोन वेगळ्या साखरा एकत्र असल्या की एकमेकींना खडा धरू देत नाहीत. हेच तोडण्याचं काम आम्ल आणि उष्णता मिळूनही करतात. त्यातून तयार होणाऱ्या पाकाला मिठाई आणि बेकरीच्या धंद्यात इन्व्हर्ट सिरप म्हणतात. या प्रक्रियेत साखर थोडं पाणीही स्वतःत ओढून घेते. 342 ग्रॅम साखर 18 ग्रॅम पाणी घेऊन 360 ग्रॅम ग्लुकोज-फ्रुक्टोज देते, म्हणजे साधारण पाच टक्के वजन वाढतं. हा पाच टक्क्यांचा हिशोब पुढे काट्यावर उपयोगी पडेल.

(जाता जाता: बाजारातल्या मधात भेसळ करायला वर्षानुवर्षं हेच सिरप वापरलं गेलं आहे. आपण तेच, पण उघडपणे, स्वतःच्या पातेल्यात करणार आहोत. त्यामुळे कुणी ‘हे तर नकली’ म्हणालं तर वाईट वाटून घेऊ नका, हो म्हणा.)

भांडी आणि एक काटा

पातेलं स्टेनलेस स्टीलचं, जाड बुडाचं आणि रुंद तोंडाचं घ्या. न टवका गेलेलं इनॅमलचं चालेल. अॅल्युमिनियम, लोखंड आणि बिनकल्हईचं तांबं-पितळ नको, कारण आंबट पाक तासभर त्यात उकळणार आहे आणि धातूची चव, कधीकधी धातूही, त्यात उतरतो. पातेलं पाकाच्या किमान तिप्पट मापाचं असावं. फेस येतो तेव्हा तो सांगून येत नाही.

डिजिटल वजनकाटा मात्र हवाच. पाक झाला की नाही हे ओळखण्याच्या सगळ्या जुन्या खुणा, म्हणजे तार, थेंब, बुडबुडे, हाताला सवय असेल तरच बोलतात. नवख्या माणसाला एकतारी आणि दोनतारीतला फरक गरम वाफेत, घाईत दिसत नाही. काट्याला सवय लागत नाही. आधी रिकाम्या पातेल्याचं वजन चमच्याशिवाय घ्या आणि कागदावर लिहून ठेवा. शिजवताना मधूनमधून पातेलं काट्यावर ठेवायचं. त्यासाठी काट्यावर एक लाकडी फळी ठेवून तिचं वजन शून्य करून घ्या, नाहीतर गरम बुडाने काट्याची काच तडकेल. वाचलेल्या वजनातून पातेलं वजा केलं की आत किती पाक आहे ते कळतं. साखर उडून जात नाही, उडतं ते फक्त पाणी, म्हणून वजन हीच दाटपणाची खूण.

थर्मामीटर असेल तर उत्तम. दाटपणा जमतो तेव्हा आकडा साधारण 110 ते 114 अंशांच्या दरम्यान असतो. तुम्ही समुद्रसपाटीपासून उंचावर राहत असाल तर पाणीच कमी तापमानाला उकळतं, दर 300 मीटरला जवळजवळ एक अंश, तेवढं वजा करा. काटा आणि थर्मामीटर यांचं पटेनासं झालं तर मी काट्याचं ऐकते.

याशिवाय बारीक गाळणी, मलमलचं कापड, काचेच्या बाटल्या आणि घट्ट झाकणं. बाटल्या आणि झाकणं दहा मिनिटं पाण्यात उकळून, उपडी ठेवून पूर्ण सुकवा. ओल्या बाटलीत पाक भरणं म्हणजे वरच्या थराला पाणी पाजणं, आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

आधी साधा मधपाक

पहिल्यांदा करणाऱ्याने सफरचंदाच्या किंवा फुलांच्या मागे लागू नये. साध्या पाकात हात बसला की बाकीचे प्रकार त्याच वाटेने जातात.

साखर 500 ग्रॅम
पाणी 300 मिली
लिंबाचा ताजा रस 15 मिली, गाळून
मीठ अगदी चिमूटभर
कॅमोमाइलची सुकी फुलं 2 लहान चमचे (हवी असल्यास)

साखर पांढरी घ्या. गुळाची पावडर किंवा तपकिरी साखर घेतली तर पाक होतो, पण काकवीची चव वर येते आणि मधाचा भास संपतो. कटाक्षाने वीगन असणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: काही देशांत उसाची साखर शुभ्र करताना जनावरांच्या हाडांच्या कोळशातून गाळली जाते. बीटाच्या साखरेला ही पद्धत वापरत नाहीत. पाकिटावर खुलासा नसेल तर उत्पादकाला विचारलेलं बरं.

साखर आणि पाणी पातेल्यात घेऊन मध्यम आचेवर ठेवा. साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. चमचा तळाशी फिरवल्यावर खरखर लागायची थांबली पाहिजे. पहिली उकळी येण्याआधी हे व्हायला हवं. मग लिंबाचा रस आणि मीठ घाला, एकदा हलवा आणि चमचा बाजूला ठेवा. यापुढे ढवळायचं नाही. उकळत्या पाकात चमचा फिरला की कडेला उडालेले थेंब सुकून त्यांचे कण होतात, ते आत पडतात आणि त्यांच्याभोवती खडे धरायला लागतात. कडेला पांढरे कण दिसले तर ब्रश गरम पाण्यात बुडवून वरून खाली पुसून घ्या. किंवा पाच मिनिटं झाकण ठेवा, वाफेनेच कडा धुऊन निघतात.

आता आच मंद करा. पाक खदखदता कामा नये, मध्यभागी संथ बुडबुडे येत राहिले की पुरे. इथून अर्धा तास हा किमान वेळ, चाळीस मिनिटं दिली तर अधिक चांगलं. साखर तुटण्याचं काम या वेळात चालतं आणि बाहेरून ते दिसत नाही. पाक आधीसारखाच पाणीदार, फिका दिसतो, आणि म्हणूनच हात शिवशिवतो, आच मोठी करावीशी वाटते. मोठ्या आचेवर पंधरा मिनिटांत पाणी उडतं आणि पाक दाट होतो, पण आतली बरीच साखर न तुटताच राहते. आठवड्याने दगड होणारा पाक तो हाच.

वजन लवकर उतरतंय असं दिसलं, म्हणजे वीस मिनिटांतच आतला ऐवज 650 ग्रॅमवर आला, तर घाबरायचं कारण नाही. अर्धी वाटी उकळतं पाणी कडेने सोडा आणि वेळ पुरी करा. थंड पाणी घातलं तर ते अंगावर उडेल.

500 ग्रॅम साखरेचे तुटून सुमारे 525 ग्रॅम होतात. त्यात 20 टक्के पाणी राहिलेलं हवं, म्हणजे एकूण साधारण 650 ग्रॅम. काटा तिथे आला की गॅस बंद. 20 टक्के हा आकडा मी मनाने घेतलेला नाही. खाद्यपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या कोडेक्सच्या मध-मानकात सर्वसाधारण मधासाठी पाण्याची कमाल मर्यादा तीच आहे. त्याहून जास्त पाणी राहिलं तर मध आंबू शकतो, आणि आपला पाकही.

काट्याचा आकडा पटत नसेल तर बशीची परीक्षा घ्या. एक बशी आधीच फ्रीझरमध्ये ठेवा. तीवर पाकाचा छोटा चमचाभर थेंब टाकून मिनिटभर थांबा आणि बशी तिरकी करा. थेंब आळसावत, शेपटी ओढत खाली सरकला तर झालं. भरभर पळाला तर अजून पाणी आहे. जागचा हललाच नाही तर पुढे गेलात, दोन-तीन चमचे उकळतं पाणी घालून एक उकळी काढा. परीक्षा चालू असताना गॅस बंद ठेवा. दाट झालेला पाक शेवटच्या दोन मिनिटांत फार वेगाने पुढे जातो.

नवख्यांना सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट इथेच आहे: गरम पाक कधीच मधासारखा दिसत नाही. पातेल्यात तो पातळ, जवळजवळ तेलासारखा हलतो. पातेल्यातच मधासारखा दाट दिसेपर्यंत आटवला, तर गार झाल्यावर त्याची गोळी होते.

वास, रंग आणि किंचित कडसरपणा

आतापर्यंत जे झालं ते पोत म्हणून मध, पण चव म्हणून नुसता गोड पाक. त्यात जीव आणायला कॅमोमाइल सगळ्यात सोपी. या फुलाला सफरचंद आणि गवत यांच्या मधला एक वास असतो, जो आपल्या नाकाला मधाकडे नेतो. फुलं पाकातच टाकून अर्धा तास उकळली तर हा वास उडून जातो आणि मागे कडवट, वाळल्या गवताची चव राहते. म्हणून ती वेगळी मुरवायची. 50 मिली उकळत्या पाण्यात दोन चमचे फुलं टाका, झाकण ठेवून पाच मिनिटं थांबा आणि कापडातून घट्ट पिळून घ्या. हातात साधारण 30 मिली गर्द पिवळा अर्क येईल. कमी आला तर गरम पाण्याने 30 पर्यंत भरा.

हा अर्क घालायचा असेल तर पाक 650 ऐवजी 620 ग्रॅमपर्यंत न्या, गॅस बंद करा, बुडबुडे पूर्ण शमू द्या आणि चार-पाच मिनिटांनी गरम अर्क बारीक धारेने ओता. पाक थोडा फुसफुसेल, चेहरा लांब ठेवा. एकजीव होईपर्यंत हलक्या हाताने हलवा. काटा पुन्हा 650 वर येईल आणि वास शाबूत राहील. शेवंतीच्या कुळातल्या फुलांची अॅलर्जी असणाऱ्यांनी कॅमोमाइल टाळावी.

रंगासाठी खायचा रंग नको. सुरुवातीला पातेल्यात त्या 500 ग्रॅममधलीच दोन मोठे चमचे साखर कोरडीच वितळवा, ती तांबूस झाली की गॅस बंद करून कडेने थोडं गरम पाणी घाला, आणि मग उरलेली साखर आणि पाणी. तांबूस म्हणजे तांबूसच. काळपट होऊन धूर सुटला तर ती साखर टाकून द्या, तिचा कडूपणा साऱ्या पाकात उतरतो. या भाजलेल्या साखरेची मागे रेंगाळणारी किंचित कडसर चव पाकाला फार उपकारक असते, कारण खरा मधही कधी निव्वळ गोड नसतो.

संत्र्याच्या सालीची एक पातळ पट्टी, पांढरा भाग काढून, शेवटची दहा मिनिटं पाकात ठेवली तर छान उतरते. व्हॅनिला मला इथे आवडत नाही, पाक लगेच केकच्या दुकानासारखा वास मारतो. वेलची, दालचिनी वगैरे मसाले म्हणजे दुसराच पदार्थ.

सफरचंदाचा प्रकार

माझ्या मते चवीला मधाच्या सगळ्यात जवळ जातो तो हा. सफरचंदाच्या रसात फ्रुक्टोज आधीच भरपूर असतं आणि त्याचं स्वतःचं मॅलिक आम्ल लिंबाच्या मदतीला येतं.

एक लिटर सफरचंदाचा गाळीव, पारदर्शक, बिनसाखरेचा रस रुंद पातेल्यात मध्यम-मोठ्या आचेवर निम्मा होईपर्यंत आटवा. वर येणारा फेस झाऱ्याने काढत राहा, तो राहिला तर पाक गढूळ होतो. रस निम्मा झाला की आच कमी करून 500 ग्रॅम साखर विरघळवा, 15 मिली लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घाला, आणि पुढे साध्या पाकासारखंच, मंद आचेवर किमान अर्धा तास. रसात स्वतःची साखर असल्यामुळे इथे थांबायचं वजन वेगळं: एक लिटर रसातून पाणी सोडून सुमारे 115-120 ग्रॅम ऐवज मिळतो, म्हणून काटा 800 ग्रॅमच्या आसपास आला की बंद करा. कॅमोमाइलचा अर्क घालणार असाल तर 770 ला. शेवटच्या टप्प्यात पातेल्यापासून हलू नका. फळाचा पाक साध्या पाकाहून लवकर बुडाला लागतो.

पारदर्शक रसाचा आग्रह का, तर पेक्टिनमुळे, म्हणजे फळातल्या जेली जमवणाऱ्या द्रव्यामुळे. सफरचंदाच्या साली आणि गाभ्यात पेक्टिन खच्चून भरलेलं असतं. साखर दाट, शिवाय आंबटपणा, म्हणजे जेली जमायला हवी ती सगळी तयारी झालीच. घरी साली-गाभे उकळून रस काढला तर मधाऐवजी चमच्याने कापायची जेली हाती येते. तिची चव उत्तम असते, ब्रेडवर लावा, पण ती ओघळणार नाही. बाजारातल्या पारदर्शक रसातून पेक्टिन बहुधा विकरं वापरून आधीच काढलेलं असतं. घरचाच रस हवा असेल तर सफरचंदं सोलून, गाभा आणि बिया काढून, कच्ची किसून पिळा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून वरचा निवळ भाग कापडातून अलगद गाळून घ्या. तरीही तो विकतच्या रसापेक्षा थोडा जमतो, म्हणून दहा-पंधरा ग्रॅम पाणी जास्त राहू द्यायचं आणि बाटली फ्रिजमध्येच ठेवायची.

फुलांचा पाक करायचा असेल तर

साध्या पाकातल्या 300 मिली पाण्याच्या जागी फुलांचा काढा घ्यायचा, बाकी सगळं तेच. डँडेलियनच्या पिवळ्या पाकळ्या यासाठी प्रसिद्ध आहेत. ओंजळभर-दोन ओंजळी पाकळ्या उकळत्या पाण्यात टाकून रात्रभर झाकून ठेवा आणि सकाळी पिळा. फुलाखालचा हिरवा भाग काढणं कंटाळवाणं आहे, पण तो राहिला तर काढा कडू होतो. सुवासिक गुलाबाच्या पाकळ्याही चालतात, तळाचा पांढरा टोकाचा भाग खुडून.

फुलवाल्याकडची फुलं, रस्त्याकडेची फुलं आणि कीटकनाशक मारलेली फुलं कधीही वापरू नका. आणि जे फूल खाण्याजोगं असल्याची शंभर टक्के खात्री नाही ते पाकाच्या जवळही आणू नका. कण्हेर आणि धोतरा दिसायला देखणे आहेत आणि दोन्ही विषारी. उकळल्याने विष जात नाही.

भरणं आणि ठेवणं

गरम पाकाचा थेंब कातडीवर पडला तर चिकटून राहतो आणि पाण्याच्या भाजण्यापेक्षा खोल भाजतो. लांब बाह्यांचे कपडे घाला, लहान मुलांना त्या तासाभरासाठी स्वयंपाकघराबाहेर ठेवा. भाजलंच तर लगेच नळाच्या साध्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ लावू नका.

पाक थोडा निवला, पण अजून हाताला न सोसवेल इतका गरम असताना कोरड्या, कोमट बाटल्यांत भरा. तोंडापासून जेमतेम बोटभर जागा सोडा आणि लगेच झाकण लावा. जास्त मोकळी जागा राहिली तर वाफ झाकणाला आतून धरते, तिचे थेंब वर साचतात आणि तेवढा थर पातळ होतो. 650 ग्रॅम पाक साधारण 460 मिलीत मावतो, कारण पाक पाण्याच्या सुमारे 1.4 पट जड असतो. त्या हिशोबाने बाटल्या काढून ठेवा. एका मोठ्या बाटलीपेक्षा दोन लहान सोयीच्या, एक वापरात, एक न उघडलेली.

फळाचा आणि फुलांचा पाक फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन महिन्यांत संपवा. साधा पाक थोडे आठवडे बाहेरही टिकतो, पण बाटलीत नेहमी कोरडाच चमचा जायला हवा. बुरशीचा ठिपका दिसला, आंबूस वास आला किंवा बुडबुडे दिसले तर सगळी बाटली टाकून द्या. वरचा थर काढून खालचा वापरायचा प्रकार नको.

काही महिन्यांनी पाक तळाशी थोडा रवाळ झाला तर तो बिघडलेला नाही. ग्लुकोज फ्रुक्टोजपेक्षा लवकर खडा धरतं, खऱ्या मधाचंही तेच होतं. बाटली कडकडीत नाही, हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवा, पुन्हा वितळेल. पण पहिल्या आठवड्यातच कडक खडे धरले तर कारण बहुधा आच, वेळ किंवा कडेचे कण यातलंच असतं. तो पाक शंभर मिली गरम पाणी आणि लहान चमचाभर लिंबू घालून पुन्हा विरघळवा, मंद आचेवर अर्धा तास द्या आणि त्याच वजनावर थांबा.

वापरताना

मधाच्या जागी मापाला माप घालायचा. केक-बिस्किटांत मध सांगितला असेल तर कृतीत बऱ्याचदा खायचा सोडा असतो, कारण मध आंबट असतो आणि सोडा त्या आंबटपणावर फुलतो. आपल्या पाकात लिंबू आहे, त्यामुळे सोडा बदलायची गरज नाही. मात्र तुटलेली साखर भट्टीत लवकर लाल होते. ओव्हन नेहमीपेक्षा दहा-पंधरा अंशांनी कमी ठेवा, नाहीतर वरून करपेल आणि आत कच्चं राहील. फायदा असा की हा पाक ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे केक जास्त दिवस मऊ राहतो. गरम पेयांत, सॅलडवर, टोस्टवर कसाही घाला.

काही ठिकाणी मात्र तो मधाची जागा घेऊ शकत नाही. मधातल्या एका विकरामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि मधाच्या जंतुनाशक गुणाचा काही भाग तिथून येतो. आपल्या पाकात ते विकर नाही, म्हणून जखमेला, भाजलेल्या जागी हा लावू नका. गरम पाण्यातून घेतल्यावर घशाला बरं वाटेल, तेवढंच. मधुमेह असणाऱ्यांसाठी ही साखरच आहे, ‘वनस्पतिजन्य’ म्हणून एक चमचाही सूट नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत, कारण त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. ते बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत आणि बागेतल्या फुलांवर मातीचे कण असतातच, शिवाय दोन वर्षांखालील मुलांना वरची साखर नकोच. तेव्हा बाळाला हाही नाही.

कुणाला बाटली भेट देणार असाल तर तिच्यावर नुसतं ‘मध’ लिहू नका. कोडेक्सच्या व्याख्येत मध म्हणजे मधमाश्यांनी बनवलेलाच पदार्थ. ‘मधपाक’ किंवा ‘सफरचंदाचा पाक’ लिहा, त्याखाली तारीख आणि सगळे घटक, आणि कॅमोमाइल घातली असेल तर ती ठळक अक्षरात.